एजंट आपला असला तरी पावती हवीच!

आपल्या वडीलधाऱ्यांत ‘मी घर विकत घेतलं’ असं सांगणारं माणूस शोधूनही सापडत नाही. आजोबांचं घर गावाच्या कडेला, कुडाचं नाहीतर मातीचं. ते कुणी विकत घेतलेलं नव्हतं आणि बहुतेकांकडे त्याचा कागदही नव्हता. वडिलांची पिढी शहरात आली ती गिरणीच्या चाळीत, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये नाहीतर भाड्याच्या खोलीत राहिली. त्यामुळे फ्लॅट घ्यायची वेळ येते तेव्हा विचारायला घरात कुणी नसतं. ज्यांच्या घरी तीन पिढ्या खरेदीखतं झाली, त्यांच्याकडे एखादा काका असतो. तो सहज सांगून जातो, “अरे, पैसे द्यायच्या आधी इंडेक्स टू काढून बघ.” आपल्याकडे त्या काकाच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसतो तो एजंट.

या एजंट नावाच्या माणसाविषयी चार गोष्टी लिहाव्यात असं वर्षभर मनात होतं. मी पालघरला एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात लिपिक आहे, राहतो बोईसरला. वडील धुळे जिल्ह्यातून तारापूर औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात कामाला आले आणि खैरापाड्याच्या एका चाळीत भाड्याने राहिले. लग्नानंतर मीही भाड्याच्याच घरात. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी भाडेवाढ आणि दोन-तीन वर्षांनी मालकाचं ठरलेलं वाक्य, ‘आमच्या मुलाला जागा हवी आहे.’ मुलगी नववीत गेली तेव्हा पत्नी म्हणाली, “हिच्या दहावीच्या आधी एकदाच सामान बांधायचं, ते शेवटचं.” तिथून आमचा शोध सुरू झाला. संध्याकाळी विहारात मी लोकांचे अर्ज, दाखले, रेशनकार्डाची कामं बघतो. त्यामुळे इतरांच्या घरखरेदीचे कागदही माझ्यासमोर येतात. तेव्हा पुढचं थोडं माझ्या घराचं आहे आणि थोडं विहारात पाहिलेलं.

आमच्या भागात एजंट काही थोडेथोडके नाहीत. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. पाठोपाठ बुलेट ट्रेनच्या बोईसर स्थानकाची चर्चा, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचं भूमिपूजन. दर बातमीला जागेचे भाव एक पायरी चढतात आणि दर पायरीला दहा-वीस नवे एजंट उगवतात. रिक्षावाला एजंट, पानटपरीवाला एजंट, झेरॉक्सवालाही एजंट. सरावलीपासून बेटेगावपर्यंत विजेच्या खांबांना टांगलेल्या पाट्या वाचत गेलं तर असं वाटावं की इथे घर नसलेला माणूसच उरला नसेल!

पहिला एजंट आम्हाला एका रविवारी चार घरं दाखवायला घेऊन गेला. पहिली तीन मुद्दाम दाखवलेली असतात हे मला तेव्हाच जाणवलं. एका घरात ओल, दुसऱ्यात अंधार, तिसऱ्याची खिडकी नाल्यावर. मग चौथं घर आपोआपच राजवाडा दिसतं. जिना उतरता उतरता त्याला फोन आला. “हो साहेब, तुमची पार्टी पाचला येतेय ना?” फोन खिशात ठेवून तो म्हणाला, “आत्ताच्या आत्ता एकवीस हजार टोकन टाका, संध्याकाळी घर राहणार नाही.” माझी पत्नी बचत गटाचा हिशेब ठेवते. तिने विचारलं, “टोकनची पावती कोण देणार, तुम्ही की घरमालक? आणि आम्ही नाही म्हटलं तर पैसे किती दिवसांत परत, हे पावतीवर लिहून द्याल?” तो हसला. पावती नाही, म्हणून टोकनही नाही. ते घर त्या संध्याकाळी गेलं नाही. पुढे दोन महिने त्याच खांबावर त्याच घराची पाटी लटकत होती.

त्याने सांगितलेलं क्षेत्रफळही बघण्यासारखं होतं. पाचशे साठ फूट! मी टेप घेऊन गेलो होतो. आतल्या भिंतींमधलं मोजलं तर तीनशे सत्तरच्या आसपास भरलं. बाकीचे फूट जिन्यात, गॅलरीत आणि एजंटच्या तोंडात. २०१६ च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे आणि नव्या इमारतीतली विक्री त्याच हिशेबाने व्हायला हवी. तरी बोलण्यात अजून ‘सेलेबल’च चालतं, कारण त्याने भाव स्वस्त वाटतो.

दुसरा अनुभव फोनवरचा. पालघरमध्ये स्टेशनजवळ एक जुना फ्लॅट विकायचा होता. भाव बसत होता, बँकेचं जमत होतं. एजंट गोड बोलला आणि शेवटी म्हणाला, “आडनाव काय म्हणालात?” आडनाव सांगितलं. क्षणभर शांतता. मग, “नाही म्हणजे, सोसायटी जरा शाकाहारी आहे.” मी त्याला म्हटलं, “हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, म्हणजे मला पुढे विचारता येईल.” तो निरोप कधीच आला नाही. असा नकार कागदावर येत नसतो. सोसायटीवाले म्हणतात आम्ही काही बोललोच नाही, मालक म्हणतो मला पैशाशी मतलब, आणि मधल्या मध्ये चाळणी धरतो तो एजंट.

१९१७ साली परदेशातून एवढं शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नव्हती, आणि पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं होतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. आता काठी नसते, गोड आवाज असतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची चौकशी करून पाहिली होती. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. फोन तोच, चौकशी तीच, पण नाव दलिताचं किंवा मुसलमानाचं असलं की नकार वाढतात, असंच त्यात दिसलं. कायद्याचंही सांगतो. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. पण ज्या संस्थेच्या उपविधीत तसं काही नाही, तिला आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ लागू आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे दाद मागता येते. दाद मागायला आधी लेखी अर्ज हवा, म्हणून अर्ज करा. फोनवरच्या ‘जरा’ला उत्तर देता येत नाही.

आता तिसऱ्याविषयी, कारण हा लेख खरं तर त्याच्यासाठीच आहे.

तो आपलाच. जयंतीच्या वर्गणीत पुढे, बोलायला गोड, समोर आला की पहिला ‘जय भीम’ त्याचाच. आडनावाचा घाव खाऊन आलेल्या माणसाला असा एजंट भेटला की त्याला हायसं वाटतं. हा आपल्याला आडनाव विचारणार नाही! ही हायसं वाटण्याची किंमत काय असते ते मी विहारात पाहिलं. सहा कुटुंबांनी त्याच्यामार्फत चिल्हार रस्त्याकडच्या एका बांधकामात पैसे भरले होते. घर सोळा लाखांचं, कुणी दोन लाख दिलेले, कुणी साडेतीन. एकीने मंगळसूत्राची वाटी मोडली होती. एकाने कारखान्यातून सुटताना मिळालेली ग्रॅच्युइटी दिली होती. सगळे रोख. पावती म्हणून एका डायरीच्या पानावर आकडा आणि सही.

माझ्याकडे ते आले तेव्हा तक्रार घेऊन आले नव्हते. बँक कर्ज देत नाही, ‘जरा बँकेला अर्ज लिहून द्या’ एवढंच काम होतं. मी कागद मागितले. झेरॉक्सची एक पिशवी निघाली. त्यात ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, म्हणजे घरपट्टीची नोंद. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची तेवढं तो उतारा सांगतो. घर कुणाच्या मालकीचं आणि ते परवानगीने बांधलं का, याच्याशी त्याचा संबंध नाही. बांधकाम परवानगी नव्हती. जमीनमालकाने बिल्डरला दिलेलं एक नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र होतं. आणि ‘करार’ म्हणून जे होतं तेही नोटरी केलेलंच, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं काहीच नाही.

महारेराचा नोंदणी क्रमांक कुठे, असं मी फोनवर विचारलं तर तो म्हणाला, “दादा, ग्रामपंचायत हद्दीत रेरा लागत नाही.” बोईसर परिसरातल्या कितीतरी इमारती महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दिसतात, त्या काय हौस म्हणून नोंदल्या? पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असतील तर सूट आहे. इथे तर बारा गुंठ्यांवर चोवीस घरं होती. शिवाय रेरा कायद्याचं कलम १३ सांगतं की नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. सोळा लाखांचे दहा टक्के, एक लाख साठ हजार. सहाही कुटुंबांनी त्याहून जास्त दिले होते.

पण खरा धक्का पुढेच होता. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. तो काढला तर खातेदार म्हणून एका वारली कुटुंबाची नावं, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात आदिवासी जमिनीचा शेरा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही, आणि विक्री असेल तर राज्य शासनाची मान्यताही लागते. आम्ही तिघे जण त्या पाड्यावर गेलो. घरात एक म्हातारी आणि तिचा नातू. तिचं म्हणणं, गोडाऊनसाठी जागा भाड्याने दिली, अंगठा घेतला, थोडे पैसे मिळाले, आता कुणी येत नाही. बाहेर तिच्याच जमिनीवर तिसऱ्या मजल्याचे खांब उभे होते. तिने आम्हाला बसायला चटई दिली आणि विचारलं, “तुम्ही त्याचेच काय?” आमच्याबरोबर आलेला, ग्रॅच्युइटी गमावून बसलेला गृहस्थ मान खाली घालून बसला. आपलं पहिलं हक्काचं घर दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यावर उभं राहतंय, हे त्याला त्या चटईवर कळलं.

विहारात बैठक झाली. एजंटला बोलावलं, तो आलाही. पहिलं वाक्य, “साहेब, आपल्याच माणसाला चारचौघांत उघडं पाडताय. बाहेरचे हसतील.” त्यावर मंगळसूत्राची वाटी मोडलेली मावशी म्हणाली, “बाबा, तू आपला होतास म्हणून तर पावती मागितली नाही.” नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

दोन कुटुंबांना पूर्ण पैसे परत मिळाले. तिघांना धनादेश मिळाले, त्यातला एक वटला नाही. बँकेचा शेरा हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली तरच कलम १३८ ची वाट मोकळी राहते, म्हणून ती नोटीस आम्ही त्याच आठवड्यात धाडली. सहाव्या कुटुंबाला अजून काही नाही. पोलिसांत अर्ज आहे. जमिनीबाबतचा अर्ज त्या नातवाने तहसीलदारांकडे दिला आहे, लिहून मी दिला. एजंट महाशय मात्र पुढच्या जयंतीच्या फलकावर हसतमुख होते. मंडळाच्या कार्यकर्त्यांशी माझा यावरून वाद झाला तो झालाच.

सगळेच एजंट असे असतात असं मी म्हणणार नाही. आमचं घर ज्यांनी मिळवून दिलं त्या बाई आधी एका औषध कंपनीत पॅकिंगला होत्या. कंपनी सुटल्यावर त्यांनी महारेराची परीक्षा दिली आणि हे काम धरलं. १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीकृत एजंटला हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. जुन्या घराच्या फेरविक्रीत एजंटच्या नोंदणीची सक्ती नसते, तरी बाईंनी पहिल्याच भेटीत आपला क्रमांक कागदावर लिहून दिला. दलाली किती हेही लिहिलं. आमच्याकडून एक टक्का, विकणाऱ्याकडून एक टक्का, आणि हे दोघांनाही माहीत.

इथे थोडा बी.कॉम.चा हिशेब करू द्या. आपल्या लोकांना ‘ब्रोकरेज नाही’ असं म्हणणारा एजंट आवडतो. पण तो हवा खाऊन जगत नाही, त्याला बिल्डर देतो. सोळा लाखांच्या घरावर बिल्डरने तीन टक्के दिले तर अठ्ठेचाळीस हजार झाले, आणि ते घराच्या किमतीत आधीच धरलेले असतात. ज्याचे पैसे खाल्ले त्याचाच तो माणूस, मग त्याने तुम्हाला भिंतीतली ओल का दाखवावी? आम्ही एकवीस लाखांच्या घरावर एकवीस हजार धनादेशाने दिले आणि पावती घेतली. त्या पैशांत काय मिळालं ते ऐका.

बाईंनी घराची वाईट बाजू आधी सांगितली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एप्रिल-मेमध्ये टँकर. वारा फिरला की रात्री कारखान्यांचा वास येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर देशात सर्वांत वर होतं, हे एजंटच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं! “दिवसा बघून ठरवू नका, रात्री दहाला या,” म्हणाल्या. आम्ही गेलो, गच्चीवर तासभर बसलो, शेजारणीशी बोललो. वास होता. चाळीतही होताच. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे, सोसायटी नोंदलेली आहे, विकणाऱ्याची मेंटेनन्सची थकबाकी आहे आणि ती किमतीतून वळती करायची, हे सगळं त्यांनी स्वतःहून मांडलं. विकणाऱ्याचं कर्ज शिल्लक होतं, म्हणून मूळ कागद बँकेत. त्या बँकेकडून कागदांची यादी आणि शिल्लक रकमेचं पत्र आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, असं बजावलं. वकिलाचं विचारलं तर म्हणाल्या, “वकील तुमचा तुम्ही शोधा, मी दिलेला नको.” वकिलाने तीस वर्षांचा शोध घेतला. मी स्वतः नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू काढून ताडून पाहिला. तयार घर म्हणून जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेलं असतं तर परवडणाऱ्या घराला एक टक्का, नाहीतर पाच टक्के लागला असता.

आणखी एक. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्यात पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते. आमचे एकवीस हजार वाचले, बरोबर बाईंच्या दलालीइतके. घर एकट्या पत्नीच्या नावे, कर्ज दोघांच्या. आमच्या थोरल्या भावाला ते रुचलं नाही. “उद्या काही झालं तर?” म्हणाला. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या भिंतीवर आहे. मी त्या फोटोकडे फक्त बघितलं.

नोंदणी क्रमांक दिसला म्हणून डोळे मिटू नयेत, एवढं मात्र खरं. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवली होती. त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आपल्याच जिल्ह्यात नालासोपाऱ्याला आरक्षित जागेवरच्या ४१ अनधिकृत इमारतींवर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत हातोडा पडला आणि शेकडो कुटुंबं भांड्याकुंड्यांसह रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ माणसं गेली. त्या सगळ्यांनाही कुणीतरी एजंटने घर दाखवलंच असेल, फरशी किती गुळगुळीत आहे ते दाखवलं असेल. १ ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो फोनवर उघडा, आणि त्यात जोडलेली बांधकाम परवानगी ज्या कार्यालयाची म्हणून दाखवली आहे त्या कार्यालयात जाऊन विचारा. एक दिवसाची रजा जाईल. जाऊ द्या.

आता दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात एक वही उघडलेली असते. घर बघायला निघालेल्यांनी एजंटचं नाव, क्रमांक, मागितलेली रक्कम आणि कशाबद्दल, हे त्यात लिहायचं. कागद आधी सर्वांसमोर वाचायचे. वही माझी मुलगी लिहिते, अक्षर चांगलं आहे म्हणून. गेल्या रविवारी तीच मावशी आली. हातात नव्या एजंटचं चकचकीत कार्ड, त्यावर महारेराचा क्रमांक छापलेला. पोरीने फोनवर क्रमांक टाकला. नाव भलत्याच माणसाचं निघालं. मावशीने कार्ड वहीत ठेवायला दिलं आणि म्हणाली, “लिही बाई, खाली तारीख पण लिही.”